फोंड्याहून सोमनाथ-द्वारका मोटरहोमने: मुंबई आणि पुणे दोन्ही चुकवायचंय, कुठून काढू?

अंत्रुजकरीण:
नमस्कार मंडळी. संक्रांत आटोपली की फोंड्याहून निघून त्र्यंबकेश्वर, सोमनाथ, नागेश्वर-द्वारका असा बेत आहे. गाडी ट्रॅव्हलरच्या चासीवर बांधलेली, खासगी नोंदणीची. लांबी ७ मीटरला जरा कमी, आरशांसकट रुंदी अडीच मीटरच्या आसपास, छतावरचा एसी धरून उंची ३ मीटर. पाण्याची टाकी १०० लिटर, लिथियम बॅटरी २०० एएच. चालवणारे आम्ही दोघं, बरोबर सासू-सासरे. दोघंही सत्तरीपुढचे, सासऱ्यांना दर दोन तासांनी खाली उतरावंच लागतं.

मॅपवर दोन रस्ते येतात. एक कोकणातून पनवेल-ठाणे-घोडबंदर, दुसरा आंबोली-कोल्हापूर-पुणे. दोन्हीकडे एक ना एक महानगर आडवं येतंच. शहराच्या ट्रॅफिकमध्ये तीन-तीन तास ही गाडी घेऊन अडकायचं नाही. रोज २५० किलोमीटरपेक्षा जास्त नको, रात्री चालवणार नाही. कुठल्या घाटाने जावं, कुठल्या वारी कुठे असावं, मुक्काम कुठे करावा, सगळंच सांगा. त्र्यंबकला कुठूनही पोचलं तरी चालेल.

सह्यपायथा:
पुणं चुकवायला वरून जा. बांदा-आंबोली-आजरा-संकेश्वर, तिथे महामार्ग ४८ लागला की कोल्हापूर-कराड-सातारा. साताऱ्याला वाढे फाट्यावर महामार्ग सोडायचा, वाठार स्टेशनवरून फलटण, मग बारामती, कुरकुंभ, दौंड, अहिल्यानगर. फलटणपासून पुढे हाच महामार्ग १६०, शिर्डीवरून सिन्नर-घोटीपर्यंत जातो. घोटीहून त्र्यंबक तीस-एक किलोमीटर. पुण्याचं नखही दिसत नाही, खंबाटकी घाटही वाचतो, आणि म्हाताऱ्या माणसांना जाता जाता शिर्डी होते.

अहिल्यानगर शहरात शिरू नका. दौंड रस्त्यावर अरणगावपाशी बाह्यवळण आहे, ते विळदपाशी मनमाड रस्त्याला सोडतं. त्यापुढे राहुरी-कोल्हारचा पट्टा खड्ड्यांसाठी बदनाम आहे, तिथे वेळ धरून चाला.

सड्यावरून:
वरचा रस्ता चुकीचा नाही, पण या गाडीला आणि या महिन्याला नको. जानेवारी म्हणजे उसाचा गळीत हंगाम ऐन भरात. फलटण, बारामती, दौंड, श्रीगोंदा हा सगळा कारखान्यांचा पट्टा. ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या, ऊस ट्रॉलीच्या दोन्ही अंगांना हात-दीड हात बाहेर आलेला, मागे लाल दिवा नाही, रिफ्लेक्टर असला तर चिखलाने माखलेला. त्याला ओलांडायला समोरचा रस्ता चांगला लांबवर मोकळा दिसावा लागतो, आणि अडीच मीटर रुंदीच्या गाडीतून तो दिसत नाही. दिवसा नुसता वेळ जातो, तिन्हीसांजेनंतर ते धोक्याचं आहे. शिवाय या फेऱ्यात शंभरेक किलोमीटर वाढतात, आणि आंबोलीचा घाट चढावा लागतो तो वेगळाच.

मुंबई चुकवायला देशावर चढायची गरज नाही. मुंबईचा त्रास सुरू होतो पेणच्या पुढे: पनवेल, कळंबोली, शिळफाटा, मुंब्रा बायपास, खारेगाव, मानकोली, भिवंडी. तिथपर्यंत जायचंच नाही. कोकणातला महामार्ग ६६ वाकण फाट्यावर सोडा. उजवीकडे पाली, पुढे खोपोली, कर्जत, म्हसा, मुरबाड, शहापूर. हा महामार्ग ५४८अ. शहापूरजवळ समृद्धी महामार्गावर चढा आणि इगतपुरीला उतरा. म्हणजे कसारा घाट चढायलाच लागत नाही, त्याखालून जवळपास ८ किलोमीटरचा बोगदा आहे. इगतपुरी-शहापूर-आमणे हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ ला खुला झाला, त्याआधी ही वाट इतकी सोयीची नव्हती. म्हणून जुन्या धाग्यांत ती सापडणार नाही. इगतपुरीहून घोटी, घोटीहून त्र्यंबक. फोंड्यापासून सगळं मिळून ७०० किलोमीटरच्या आत-बाहेर. तीन दिवस.

निम्मा_टँक:
एवढं कशाला? पहाटे चारला पुण्याच्या बायपासवरून निघालं की पाऊण तासात पार. नवले पूल, वारजे, चांदणी चौक, वाकड, सगळं मोकळं असतं.

सड्यावरून:
पुण्याचा बायपास पार होईल, पण त्यांना त्र्यंबकला जायचंय. म्हणजे पुढे नाशिक रस्ता, आणि त्यावर चाकण. पुण्यातून पहाटे पाचला सुटलेली गाडी चाकणला पोचते ती एमआयडीसीच्या पहिल्या पाळीच्या बसगाड्या आणि कंटेनरांबरोबर. वर कात्रजच्या नव्या बोगद्यातून नवले पुलाकडे उतार आहे. पहाटे तिथे अवजड ट्रक डिझेल वाचवायला न्यूट्रलमध्ये सोडलेले असतात, बरेचसे अपघात त्यामुळेच होतात. त्या ट्रकांच्या पुढ्यात सात मीटरची गाडी नको. आणि पहाटे चारला पुण्यात असायचं म्हणजे रात्री चालवणं आलं. त्या नको म्हणाल्यात.

अंत्रुजकरीण:
वाकणचा रस्ता पटतोय. पण कोकणातला महामार्ग अजून पुरा झालेला नाही असंच सगळे सांगतात. आणि फोंड्याहून निघून पणजी-पर्वरीतूनच जायचं का?

डिचोलकर:
पणजी-पर्वरी कशाला? फोंडा, उसगाव, साखळी, डिचोली, दोडामार्ग, आणि दोडामार्गहून थेट बांदा. महामार्ग ६६ तिथे लागतो. बाणस्तारीचा पूल नाही, मांडवीवरचा पणजीचा पूल नाही, पर्वरीतल्या उड्डाणपुलाच्या कामाची वळवलेली वाहतूक नाही. सकाळी साडेसहाच्या आत निघा, म्हणजे डिचोलीत शाळेच्या वेळेच्या आधी पोचाल. दोडामार्ग-बांदा रस्त्यावर डावीकडच्या झाडांच्या फांद्या खाली आलेल्या आहेत. बसगाड्यांनी छाटलेली कमान बसच्या अंदाजाने झालेली असते, ती रस्त्याच्या मधोमध. समोरून काही येत नसेल तेव्हा जरा मधूनच चालवा, नाहीतर एसीचं झाकण आणि सोलरची कड जाते.

आणखी एक, बांद्याच्या पुढे इन्सुलीला अबकारी खात्याचा तपासणी नाका आहे. गोव्याची पाटी आणि आत कपाटंच कपाटं म्हटल्यावर गाडी बाजूला घ्यायला सांगणार हे धरून चाला. कपाटाच्या दारांना प्रवासात उघडू नयेत म्हणून कड्या लावल्या असतील तर त्या कशा उघडतात ते दोघांनाही ठाऊक असू दे. आणि पुढे गुजरातेत दारूबंदी आहे. स्वयंपाकाच्या कपाटात कुठे अर्धी बाटली फेणी राहिली असेल, सर्दी-पडशाला म्हणून ठेवलेली असली तरी, ती घरीच ठेवा.

सड्यावरून:
महामार्गाबद्दल. सिंधुदुर्गात, बांद्यापासून खारेपाटणपर्यंत, रस्ता चौपदरी आणि सरळ. कणकवलीही उड्डाणपुलावरून जाते. रखडलेला आहे तो रत्नागिरी जिल्ह्यातला मधला पट्टा, लांज्याजवळच्या वाकेडपासून आरवलीपर्यंत: हातखंबा, संगमेश्वर वगैरे. तिथे काँक्रीटची एक बाजू तयार, दुसरी खणलेली, आणि मधेच वाहतूक इकडून तिकडे वळवलेली. रंगवलेल्या पिंपांवरून वळण ओळखायचं. दोन बाजूंच्या उंचीत फरक असतो, आणि चाक त्या कडेवरून हळू, तिरकं न्यावं लागतं, नाहीतर आतली भांडी-कुंडी एका बाजूला येतात. हा पट्टा भर उजेडात करायचा. म्हणून पहिला मुक्काम हातखंब्याच्या आसपास ठेवा, फोंड्यापासून साधारण २४५ किलोमीटर. दुसऱ्या दिवशी संगमेश्वर, चिपळूण, परशुराम घाट, खेड. कशेडीचा जुना घाट चढू नका. बोगदा आहे, २ किलोमीटरच्या आसपास, पोलादपूरला काढतो. मग महाड, माणगाव, इंदापूर, कोलाड, वाकण, पाली. हेही २४५ च्या आसपास.

या सगळ्या वाटेवर खरी अडचण एकच, माणगाव. महामार्ग बाजारातून जातो, दोनच पदर, आणि श्रीवर्धन-म्हसळ्याकडचा रस्ता आणि पुण्याहून ताम्हिणी-निजामपूरवरून उतरणारा रस्ता दोन्ही तिथेच येऊन मिळतात. इंदापूरलाही तीच तऱ्हा. शुक्रवारी संध्याकाळपासून शनिवारी दुपारपर्यंत मुंबई-पुण्याची गाडी खाली येते, रविवारी दुपारपासून मध्यरात्रीपर्यंत तीच वर जाते. मंगळवार-बुधवारी दुपारी एक ते तीनच्या मध्ये माणगावला असलात तर वीस-पंचवीस मिनिटांत बाहेर. रविवारी संध्याकाळी दीड-दोन तासांची तयारी ठेवा. तिथे अडकल्यावर मॅप निजामपूर-रवाळजेवरून पाली दाखवेल. गणपतीत पोलीस छोट्या गाड्या तिकडे सोडतात, पण रस्ता अरुंद आहे, समोरून एसटी आली तर कोणी तरी मागे घ्यायचं, आणि ते तुम्हीच. मॅप काहीही म्हणो, महामार्ग सोडू नका.

म्हणून वार असे: सोमवारी पहाटे फोंडा सोडा, मंगळवारी पाली, बुधवारी त्र्यंबक. पालीला बल्लाळेश्वराचं देऊळ आहे, मुक्कामाला भक्तनिवास आहे. फक्त त्या मंगळवारी अंगारकी येत नाही ना, एवढं कॅलेंडरात बघा. आली तर पालीत गाडी उभी करायला जागा मिळायची नाही, मुक्काम आदल्या गावी हलवा. त्र्यंबकला गुरुवारी दर्शन घ्या. सोमवार आणि शनिवार-रविवार टाळलेला बरा. २०२७ च्या सिंहस्थासाठी नाशिक-त्र्यंबकला रस्त्यांची कामं आहेत, तिथे गाडी गावाबाहेरच्या पार्किंगमध्ये ठेवून रिक्षाने देवळापर्यंत जा.

पाली-खोपोली रस्त्यावर इमॅजिका आहे, कर्जतला फार्महाउसांची गर्दी असते. दोन्ही शनिवार-रविवारची, बुधवारी लागत नाहीत. खोपोलीत जुना मुंबई-पुणे रस्ता ओलांडायचा आहे, तो सकाळी आठच्या आत. आणि म्हसा: पौष पौर्णिमेला म्हसोबाची जत्रा भरते, गुरांचा मोठा बाजार. तुमचे दिवस त्याच सुमाराचे आहेत. जत्रेच्या दिवसांत कर्जत-मुरबाड रस्ता बैलांनी आणि टेम्पोंनी भरलेला असतो. तारीख जुळत असेल तर फोंड्याहून आठवडाभर उशिरा निघा.

अंत्रुजकरीण:
हे फारच कामाचं. समृद्धीवर गॅसचा सिलिंडर असलेली गाडी बोगद्यातून चालते का? आणि त्र्यंबकहून पुढे कसं?

घाटउतार:
गॅसचं मी सांगतो, बरोबर वजन-ब्रेकचंही.

घरगुती १४.२ किलोचा सिलिंडर नेऊ नका. ५ किलोचा पुरतो. गाडी चालू असताना सिलिंडरचा रेग्युलेटर बंद, हा नियमच करा, बोगदा असो नसो. सिलिंडर उभाच हवा, पट्ट्याने आवळलेला, आणि त्या कप्प्याच्या तळाला बाहेर उघडणारं भोक हवं. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला तर खाली साचतो. वर जाळी लावून काही उपयोग नाही.

वजन. आरसीवरचं जीव्हीडब्ल्यू, म्हणजे माणसं-सामानासकट गाडीचं कमाल वजन, बघा आणि निघण्याआधी पूर्ण भरलेली गाडी वजनकाट्यावर घाला. कुठल्याही खडी-वाळूच्या काट्यावर होतं. आधी पुढची चाकं, मग पूर्ण गाडी, म्हणजे मागच्या धुऱ्यावर किती पडतंय ते वजाबाकीने कळतं. चार माणसं, १०० लिटर पाणी म्हणजे १०० किलो, अंथरुणं, भांडी, किराणा. बहुतेक बांधणावळीत पाण्याची टाकी, बॅटरी, पलंग सगळं मागेच असतं, त्यामुळे मागचा धुरा आधी भरतो. घाटात टाकी निम्मीच ठेवा. टायरचा दाब कंपनीच्या तक्त्यात भाराप्रमाणे दिलेला असतो, तो सकाळी थंड टायरला मोजायचा. समृद्धीच्या काँक्रीटवर तापलेल्या टायरला हवा कमी दिसत नाही, म्हणून फसगत होते. आणि समृद्धीवर रस्ता मोकळा आहे म्हणून पाय दाबू नका. ३ मीटर उंच गाडीला कडेचा वारा लागतो. ८० पुष्कळ झाले.

उतारावर ज्या गिअरमध्ये तो चढ चढला असता त्याच गिअरमध्ये उतरा. दुसरा किंवा तिसरा. ब्रेक सतत दाबून ठेवायचा नाही. दाबा, वेग तोडा, सोडा. पॅडल नरम लागलं किंवा जळका वास आला तर ब्रेक आता निकामी व्हायच्या बेतात आहेत असं समजून थांबा, वीस-पंचवीस मिनिटं थंड होऊ द्या, चाकावर पाणी ओतू नका, तापलेली डिस्क किंवा ड्रम तडकतो. इंजिन बंद करून उतरणं तर नकोच. व्हॅक्यूमचा जोर जातो आणि पॅडल लोखंडासारखं होतं. ब्रेक ऑइल दोन वर्षांपूर्वीचं असेल तर निघण्याआधी बदला. ते हवेतली ओल शोषतं, आणि गोव्यात तर जास्तच. ओल असलेलं तेल घाटात उकळतं, मग पॅडल तळाला जातं. तुमच्या वाटेत त्र्यंबक-मोखाडा-जव्हार हा उतार आहे, तिथे हे लागणार.

उंचीबद्दल: महामार्गांचे मोठे पूल ३ मीटरला अडवत नाहीत. अडवतात ते रेल्वेखालचे छोटे भुयारी रस्ते, त्यांच्या तोंडाशी लोखंडी आडवी कमान असते आणि उंची लिहिलेली असते, आणि देवळांच्या-मॉलच्या पार्किंगचे दांडे. मॅपला तुमची उंची माहीत नाही, तो तुम्हाला कारच समजतो. डॅशबोर्डवर चिकटपट्टीवर "उंची ३.०, रुंदी २.५" लिहून ठेवा. थकलेल्या वेळी आठवत नाही.

निम्मा_टँक:
हलकं वाहन म्हणून घोडबंदरला अवजड वाहनांची बंदी यांना लागत नाही ना? ७,५०० किलोपर्यंत एलएमव्हीच.

घाटउतार:
लायसन्सला एलएमव्ही चालतं, बरोबर. पण नाक्यावरचा हवालदार आकार बघून थांबवतो, मग कागद दाखवण्यात वेळ जातो. शिवाय दिवसा अवजड वाहनं अडवलेली असतात, ती रात्री उशिरा एकदम सुटतात. त्यामुळे "रात्री मोकळं असेल" हा हिशेब ठाण्याच्या आजूबाजूला उलटा पडतो. मोकळी वेळ ती पहाटे चार ते साडेसहा. पण त्यांना लागणारच नाही ते.

सड्यावरून:
आता पुढचं. त्र्यंबकहून सकाळी सातला निघून मोखाडा, जव्हार, विक्रमगड, मनोर. हा १६०अ. रस्ता दुपदरी, वळणांचा, सावकाश उतरा. नाशिक-पेठ-कापरड्याचा पर्याय सुचवतील, पण त्यात नाशिक शहर आणि कापरड्याचा कुंभघाट, जिथे ट्रकांचे ब्रेक जातात. नको. मनोरला महामार्ग ४८ लागतो, म्हणजे वसई-विरार-घोडबंदर सगळं दक्षिणेला राहिलं. शुक्रवारी दुपारी एकच्या आत मनोर गाठा. संध्याकाळी मुंबईकर सुट्टीला गुजरातकडे सुटतात. मुक्काम वलसाड किंवा नवसारीच्या अलीकडे.

सुरत शहरात शिरायचं नाही. पलसाणा, सचिन, मगदल्ला, हजिरा हा बंदराचा रस्ता. ट्रक भरपूर, पण रुंद आहे. हजिऱ्याहून घोघ्याला रो-पॅक्स बोट, गाडीसकट. २०२० च्या नोव्हेंबरमध्ये सुरू झाली. सुरत ते भावनगर रस्त्याने ३७० किलोमीटर, ते समुद्रातून ९० होतात, आणि भरूच, वडोदरा, तारापूर सगळं वाचतं. साधारण चार तास. गाडीत बसून राहायला देत नाहीत, सासू-सासऱ्यांना वर सभागृहात बसवा, औषधांची पिशवी आणि गरम कपडा बरोबर घेऊन वर जा. तिकीट काढताना गाडीची लांबी-उंची सांगा, कारच्या दराने काढलं तर धक्क्यावर फरक भरावा लागतो आणि जागा नसली तर पुढच्या फेरीला. खंभातच्या आखातात भरती-ओहोटीचा फरक फार मोठा, त्यामुळे वेळा बदलतात. आदल्या संध्याकाळी खात्री करा.

बोट रद्द झाली तर: भरूच, वडोदरा बायपास, वासद, बोरसद, तारापूर, वटामण, पिपळी, धोलेरा, भावनगर. दीड दिवस धरा. पादऱ्याहून महीवरच्या गंभीरा पुलाचा जवळचा रस्ता जुन्या नकाशात दिसेल. तो पूल ९ जुलै २०२५ ला कोसळला. वासदवरूनच जा.

घोघा-भावनगर-तळाजा-महुवा-उना-कोडिनार-सोमनाथ हा महामार्ग ५१, भावनगरपासून २७० च्या आसपास. दोन दिवसांत करा. सोमनाथ-पोरबंदर-द्वारका २३० धरा, समुद्राकाठाने सरळ रस्ता.

पाणवठा:
मुक्कामांचं. आपल्याकडे मोटरहोमसाठी बांधलेल्या जागा रस्त्यात मिळणार नाहीत, त्यामुळे चार ठिकाणं बघायची: मोठा पेट्रोल पंप, कुटुंबांचं हॉटेल-धाबा, देवस्थानाचं भक्तनिवास, आणि शेवटी लॉज. पंपावर डिझेल भरताना मॅनेजरला विचारा, ड्रायव्हरला नाही. "रात्री आठ ते सकाळी सहा, बाहेर स्टोव्ह लावणार नाही" एवढं सांगितलं की बहुतेक हो म्हणतात. ट्रकांच्या रांगेत उभी करू नका, रात्रभर इंजिनं आणि फ्रीझर-गाड्यांचे कॉम्प्रेसर. टॉयलेटजवळ, दिव्याखाली, नाक बाहेरच्या बाजूला करून. देवस्थानाच्या भक्तनिवासात वडीलधाऱ्यांना खोली घ्या, तुम्ही गाडीत झोपा. दोन-तीन रात्रींनी त्यांना पाय पसरून आंघोळ मिळायला हवी.

पाणी: भांडी, तोंड धुणं, टॉयलेट मिळून माणशी १२ लिटर धरलं तर चौघांना रोज ४८. म्हणजे १०० लिटर दोनच दिवस, तेही आंघोळ बाहेर केली तर. प्यायचं वेगळं, २० लिटरचा जार. सौराष्ट्रात किनाऱ्याजवळ बोअरचं पाणी मचूळ असतं, ते टाकीत भरू नका, हीटरमध्ये आणि नळांत क्षार बसतो. पंपावरच्या आरओच्या नळाला आधी चव घेऊन बघा.

कॅसेट टॉयलेट (मैल्याची टाकी बाहेर काढता येते ते) असेल तर १८-२० लिटरची टाकी चौघांना दोन दिवस. ती रिकामी करायची ती भक्तनिवासाच्या किंवा हॉटेलच्या साध्या शौचालयात, परवानगी घेऊन, नंतर बादलीभर पाणी. गटारात किंवा शेतात नाही. फिनेल टाकू नका, त्याने सेप्टिक टाकीतले जंतू मरतात आणि दुसऱ्या वेळी तो माणूस नाही म्हणतो.

बॅटरी २०० एएच, १२ व्होल्टची असेल तर अडीच युनिट, वापरायला दोन. छोटा कॉम्प्रेसर फ्रीज दिवसाला पाऊण युनिट, पंखे-दिवे-मोबाइल अर्धा. पुरतं. एसी चालवलात तर दोन तासांत संपलं, पण जानेवारीत तो लागायचा नाही. इंडक्शन मात्र यावर नको.

अंत्रुजकरीण:
देव बरें करूं सगळ्यांचं. मग असं ठरवते: फोंडा-डिचोली-दोडामार्ग-बांदा, हातखंबा, पाली, त्र्यंबक दोन रात्री, नवसारी, हजिरा-घोघा. परत येताना द्वारकेहून शुक्रवारी निघालो तर?

सड्यावरून:
शुक्रवारी निघालात तर सोमवारच्या सुमारास मनोर-जव्हार, बुधवारी माणगाव. चालेल, दक्षिणेकडे जाणारी गर्दी तोवर ओसरलेली असते. फक्त २६ जानेवारी शनिवार-रविवारला जोडून येते का बघा. आली तर त्या चार दिवसांत वाकण ते महाड हा भाग सोडून द्या, दोन दिवस द्वारकेलाच जास्त राहा.

मॅपबद्दल एक: सगळा प्रवास एका रस्त्यात टाकू नका. रोजचा तुकडा वेगळा, आणि प्रत्येक तुकड्यात सक्तीचे थांबे घाला: वाकण फाटा, खोपोली, म्हसा, शहापूर. नाहीतर खोपोलीपाशी तो "१२ मिनिटं वाचतील" म्हणून द्रुतगती मार्गावरून कळंबोलीला घेऊन जाईल. कॉम्प्युटरवर वार आणि वेळ निवडून नेहमीचा ट्रॅफिक दिसतो, माणगाव आणि खोपोली तिथे आधी बघून ठेवा. मॅप जो वेळ दाखवेल त्यात तिसरा हिस्सा मिळवा.

घाटउतार:
फास्टॅग राहिला. आरसीवर वाहनाचा वर्ग काय नोंदलाय ते बघा. टॅग कारचा, म्हणजे जांभळा, आणि नाक्यावरच्या यंत्राला गाडी मिनीबससारखी दिसली तर वाद होतो. मिनीबस-हलक्या मालवाहूचा टॅग नारिंगी. आरसीची रंगीत प्रत पुढच्या काचेपाशीच ठेवा. वार्षिक पास १५ ऑगस्ट २०२५ ला ३,००० रुपयांत सुरू झाला, तो फक्त खासगी कार-जीप-व्हॅनला आणि राष्ट्रीय महामार्गांना. समृद्धी राज्याची आहे, तिथे टोल वेगळा कापला जाईल, टॅगमध्ये तेवढी शिल्लक ठेवून इगतपुरीला उतरा.